यान हाउखेन फान लिन्सखोटेन

यान हाउखेन फान लिन्सखोटेन (जन्म : हार्लेम, १५६३; मृत्यू : एंकहाउझेन, ८ फेब्रुवारी १६११) हा डच प्रवासी, व्यापारी आणि ग्रंथकार होता. १५८३ ते १५८९ या काळात त्याचे वास्तव्य प्रामुख्याने गोव्यात होते आणि त्यातील बहुतेक वर्षे तो तेथील पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. या नोकरीत पोर्तुगीजांचे सागरी मार्ग, नकाशे, बंदरे, मालाचे भाव आणि त्यांच्या कारभारातील कच्चे दुवे यांची माहिती त्याच्या हाती आली. ती त्याने टिपून घेतली, मायदेशी नेली आणि १५९५–९६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे छापून प्रसिद्ध केली. पोर्तुगालच्या राजसत्तेने जवळजवळ शतकभर जपलेले पूर्वेच्या व्यापाराचे गुपित त्यामुळे तिच्या शत्रूंच्या हाती पडले. त्याच्या पुस्तकांनंतर अवघ्या सहा-सात वर्षांत इंग्रज आणि डच ईस्ट इंडिया कंपन्या स्थापन झाल्या. व्यापारी गुपितांच्या चोरीच्या इतिहासात त्याचे नाव आवर्जून घेतले जाते. मात्र त्याला चोर म्हणावे की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

पार्श्वभूमी

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येण्याचा मार्ग पोर्तुगीजांना खुला झाला. हा मार्ग म्हणजे नकाशावरची एक रेघ नव्हे. लिस्बनहून कोणत्या महिन्यात निघावे, केप ऑफ गुड होपपाशी वारे कसे फिरतात, मोझांबिकच्या खाडीत उथळ कोठे आहे, पश्चिम किनाऱ्यावरून परतीला कधी निघावे म्हणजे पावसाळ्याच्या तडाख्यात गलबत सापडत नाही, किनारा दृष्टीस पडण्यापूर्वी पाण्याचा रंग आणि पक्षी यांवरून तो कसा ओळखावा, अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी त्यात येत. पोर्तुगीज सुकाणू या गोष्टी वह्यांत नोंदवीत. या वह्यांना ‘रोतेरो’ म्हणत. लिस्बनमधील शाही भांडारात अधिकृत नकाशांची मूळ प्रत राहत असे आणि सफरीवर निघणाऱ्या जहाजांना तिच्यावरून नकला मिळत. नकाशे परक्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून राजा मॅन्युएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभीच निर्बंध घातले होते. मिरीचा व्यापार हा राजाचा मक्ता होता, त्यामुळे त्या व्यापाराचे ज्ञान हेही राजाचेच धन मानले जाई.

१५८० मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. नेदरलँड्समधील उत्तरेचे प्रांत त्या वेळी याच फिलिपविरुद्ध बंड करून उठले होते. लिस्बनच्या बंदरातून मसाले उचलून ते उत्तर युरोपात विकणे हा डच व्यापाऱ्यांचा जुना धंदा होता. आता फिलिप मन मानेल तेव्हा लिस्बनमध्ये डच जहाजे अडवून ठेवू लागला. मसाले थेट पूर्वेतून आणता आले तरच हा फास सुटणार होता. पण तेथे जायचे कसे, हे सांगणारे कोणी नव्हते.

सुरुवातीचे जीवन

लिन्सखोटेनचा जन्म हार्लेमचा असला, तरी तो लहान असतानाच कुटुंब एंकहाउझेन या बंदरगावी येऊन राहिले. वडील खाणावळ चालवीत. बंदरावरच्या खाणावळीत दूरदेशीच्या खलाशांची ये-जा असणारच. मुलाच्या मनात प्रवासाची ओढ निर्माण व्हायला ते पुरेसे होते. त्याचे थोरले भाऊ व्यापारानिमित्त स्पेनमध्ये होते. डिसेंबर १५७९ मध्ये, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, तो त्यांच्याकडे जाण्यास निघाला. सेव्हिल येथे त्याने स्पॅनिश भाषा शिकून घेतली आणि पुढे लिस्बनमध्ये एका व्यापाऱ्याकडे काम केले. व्यापारात मंदी आली तेव्हा भावाच्या खटपटीने त्याला विसेंते द फोन्सेका या नव्याने नेमलेल्या गोव्याच्या आर्चबिशपच्या लवाजम्यात जागा मिळाली. ८ एप्रिल १५८३ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले आणि २१ सप्टेंबर रोजी गोव्यास लागले.

तो कॅथलिक राजाच्या मुलखात, कॅथलिक धर्मगुरूच्या घरात नोकरी करीत होता. बंडखोर प्रांतांतील या तरुणाला तेथे कोणी अडवले नाही, कारण कागदोपत्री तो अजूनही फिलिपचाच प्रजाजन होता.

गोव्यातील वास्तव्य

आर्चबिशप हा गोव्यात व्हाइसरॉयच्या खालोखाल मानाचा अधिकारी होता आणि काही प्रसंगी व्हाइसरॉयच्या गैरहजेरीत कारभारही पाहत असे. त्याच्या दप्तरात येणारी-जाणारी पत्रे, हिशेब आणि वार्ता लिन्सखोटेनच्या नजरेखालून जात. पोर्तुगीज सुकाणूंशी त्याचा परिचय झाला आणि त्यांच्या वह्या त्याला उतरवून घेता आल्या. त्याला कुलूप फोडावे लागले नाही, खोटे नाव घ्यावे लागले नाही. तो अक्षर चांगले असलेला, मालकाचा विश्वास मिळवलेला कारकून होता आणि नक्कल करणे हे त्याचे रोजचे कामच होते. आज संगणकजाळ्यात शिरून, एखाद्या सरकारच्या पाठबळावर, परदेशी कंपन्यांची गुपिते लांबवली जातात. तेथेही बाहेरून भिंत फोडणाऱ्यापेक्षा आत बसलेला, किल्ली हाती असलेला माणूस अधिक घातक ठरतो असा अनुभव आहे. लिन्सखोटेन हे त्याचे चार शतकांपूर्वीचे उदाहरण होय.

तो केवळ मार्ग आणि नकाशे टिपून थांबला नाही. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणारा लिलावाचा बाजार, तेथे विकले जाणारे अरबी घोडे, मसाले, जडजवाहीर आणि गुलाम माणसे, खंबायतचे वाणी, ब्राह्मण, कानडी व दख्खनी लोक, त्यांचे पोशाख आणि धंदे, नारळ, आंबा, फणस, विड्याचे पान, या सर्वांची वर्णने त्याने केली आहेत. गोवा बेट धान्यासाठी साष्टी, बारदेश आणि मुख्य भूमीवर अवलंबून आहे, हे त्याने हेरले होते. ही मुख्य भूमी म्हणजे आदिलशाही मुलूख. तेव्हा विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशहा होता आणि पन्हाळ्यासह कोल्हापूरचा परिसरही त्याच राज्यात मोडत असे. घाटमाथ्याच्या प्रदेशाला लिन्सखोटेनने ‘बालाघाट’ या नावाने ओळखले आहे. सोळाव्या शतकातील गोवा आणि कोकण यांविषयी लिहिताना अभ्यासकांना आजही त्याच्या ग्रंथाकडे वळावे लागते.

पोर्तुगीज कारभाराविषयी मात्र त्याची लेखणी निष्ठुर आहे. अधिकाऱ्यांच्या नेमणुका साधारणपणे तीन वर्षांच्या असत. पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण त्या मुदतीत जेवढी माया जमवता येईल तेवढी जमवण्यामागे लागे. शिपायांचे पगार थकत, परतीची जहाजे मालाने इतकी लादली जात की ती वादळात तग धरत नसत. बाहेरून अजिंक्य दिसणारी ही सत्ता आतून पोखरलेली आहे, ही माहिती शत्रूच्या दृष्टीने नकाशाइतकीच मोलाची होती.

स्वतः तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याच्या पूर्वेला कधीही गेला नाही. चीन आणि जपानविषयीचे त्याचे ज्ञान इतरांकडून मिळवलेले आहे. त्याच्याच गावचा डिर्क खेरित्झ पोम्प हा पोर्तुगीज जहाजावर गोलंदाज म्हणून चीन-जपानपर्यंत जाऊन आला होता. त्याच्याकडून लिन्सखोटेनला बरेच काही कळले.

इंग्रज कैदी आणि फादर स्टीफन्स

लिन्सखोटेन गोव्यास आला त्याच वर्षाच्या अखेरीस चार इंग्रज कैदी तेथे आणण्यात आले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी अशी त्यांची नावे. न्यूबेरी आणि फिच यांच्याजवळ इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे अकबर बादशहाच्या नावे पत्र होते. होर्मुझ येथे प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याच्या चिथावणीवरून त्यांना हेर ठरवून पकडण्यात आले होते. गोव्यात त्यांच्या सुटकेसाठी थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी खटपट केली. हेच पुढे मराठी वाचकांना ‘क्रिस्तपुराण’ या १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे छापलेल्या मराठी ओवीबद्ध ग्रंथाचे कर्ते म्हणून परिचित झाले. लिन्सखोटेननेही आर्चबिशपकडे या कैद्यांसाठी रदबदली केली. जामिनावर सुटल्यावर त्यांनी गोव्यात दुकान थाटले. पण पुन्हा पकडले जाण्याची चाहूल लागताच एप्रिल १५८४ मध्ये स्टोरीला मागे ठेवून बाकीचे तिघे निसटले. बेळगाववरून विजापूर आणि पुढे गोवळकोंडा, आग्रा असा त्यांचा मार्ग होता. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि पुढे इंग्रज कंपनी उभी करणाऱ्यांना त्याच्या अनुभवाचा उपयोग झाला.

मराठी वाङ्मयात मानाचे स्थान मिळवणारा धर्मगुरू, विजापूरमार्गे निसटणारे इंग्रज व्यापारी आणि शांतपणे टिपणे काढणारा डच कारकून हे सारे एकाच वेळी, एकाच शहरात एकमेकांना ओळखत होते. पोर्तुगीजांची संशयी नजर होती ती इंग्रजांवर. ज्याच्यावर असायला हवी होती तो आर्चबिशपच्या घरात होता.

परतीचा प्रवास

१५८७ च्या सुरुवातीस आर्चबिशप लिस्बनला जाण्यास निघाला आणि वाटेतच मरण पावला. ही वार्ता गोव्यात पोहोचण्यास बराच काळ लागला. आश्रयदाता गेल्यावर लिन्सखोटेनने परतण्याचे ठरवले. फुगर आणि वेल्सर या जर्मन पेढ्यांच्या मिरीच्या व्यवहारात काम मिळवून तो जानेवारी १५८९ मध्ये कोचीनहून निघाला. सेंट हेलेना बेटावरून पुढे जाताना आणि अझोर्स बेटांपाशी इंग्रज लढाऊ जहाजांनी पोर्तुगीज ताफ्याला गाठले. मलाक्क्याहून आलेले एक मालवाहू जहाज टेर्सेरा बेटाच्या बंदरात वादळाने बुडाले. त्यावरील माल वाचवण्याच्या कामासाठी लिन्सखोटेन तेथे थांबला आणि त्याचा मुक्काम दोन वर्षांवर लांबला. तेथील गव्हर्नरच्या सांगण्यावरून त्याने त्या बेटाचा आराखडाही काढून दिला. म्हणजे, ज्यांची गुपिते त्याच्या पेटीत होती त्यांचाच नकाशा काढण्याचे काम त्यांनी त्याच्यावर सोपवले होते! ३ सप्टेंबर १५९२ रोजी, सुमारे तेरा वर्षांनी, तो एंकहाउझेनला परतला.

ग्रंथरचना

एंकहाउझेनमधील वैद्य आणि दुर्मिळ वस्तूंचे संग्राहक बेर्नार्डुस पालुडानुस यांनी त्याला टिपणांचा ग्रंथ करण्यास मदत केली आणि वनस्पती व औषधींविषयीच्या भागाला स्वतःची टिपणे जोडली. गोव्यातच राहून गेलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला होता. त्याच्या लॅटिन सारांशामार्फत ती माहितीही येथे उतरली आहे. प्रकाशन ॲमस्टरडॅमच्या कोर्नेलिस क्लास याने केले. ऑक्टोबर १५९४ मध्ये नेदरलँड्सच्या स्टेट्स जनरल या सर्वोच्च सभेने ग्रंथाला छपाईचा परवाना दिला.

ग्रंथाचे भाग वेगवेगळ्या वेळी निघाले. ‘रेस-खेस्क्रिफ्ट’ हा सागरी मार्गदर्शनाचा भाग १५९५ मध्ये आला, तर ‘इतिनेरारिओ’ हे मुख्य प्रवासवर्णन १५९६ मध्ये. वाचकाला चित्रे आणि रीतिरिवाज यांमुळे दुसरा भाग अधिक आवडतो. पण खरा स्फोटक माल पहिल्या भागात होता. वारे, प्रवाह, खोली, खुणा आणि मोसम यांची पोर्तुगीज सुकाणूंनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली माहिती त्यात डच भाषेत, कोणालाही पैसे देऊन विकत घेता येईल अशी, मांडून ठेवली होती.

लिन्सखोटेनने दिलेला एक सल्ला विशेष परिणामकारक ठरला. पूर्वेकडे जाताना मलाक्क्याच्या सामुद्रधुनीतून जाऊ नये, कारण तेथे पोर्तुगीजांचा किल्ला आहे. त्याऐवजी सुमात्राच्या दक्षिणेने सुंदा सामुद्रधुनीत शिरावे. जावा बेटावर मिरी विपुल आहे आणि पोर्तुगीजांचे ठाणे तेथे नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. पोर्तुगीज कोठे आहेत यापेक्षा ते कोठे नाहीत ही बातमी अधिक किमती होती.

परिणाम

एप्रिल १५९५ मध्ये कोर्नेलिस दे हाउटमन याच्या नेतृत्वाखाली चार डच जहाजे निघाली तेव्हा लिन्सखोटेनच्या मार्गदर्शनाचा भाग त्यांच्यासोबत होता. ती सुंदा सामुद्रधुनीतूनच जून १५९६ मध्ये जावातील बांतमला पोहोचली. ही सफर माणसांच्या दृष्टीने भयंकर ठरली. २४९ पैकी शंभराहून कमी माणसे परतली. नफाही बेताचाच झाला. तरी वाट सापडली होती. पुढच्या काही वर्षांत डच बंदरांतून एकामागून एक ताफे सुटू लागले आणि २० मार्च १६०२ रोजी स्टेट्स जनरलने त्या सर्व व्यापाऱ्यांना एकत्र आणून डच ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. तहनामे करणे, किल्ले बांधणे आणि सैन्य ठेवणे हे अधिकारही सनदेत होते. व्यापारी कंपनी आणि राज्यसत्ता यांतली सीमा येथे पुसली गेली.

१५९८ मध्ये ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रिचर्ड हॅक्लुट हा भूगोलज्ञ त्यामागे होता. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्रज कंपनीला सनद मिळाली. जर्मन, लॅटिन आणि फ्रेंच आवृत्त्याही लवकरच निघाल्या.

या साऱ्याची किंमत केवळ पोर्तुगीजांनी मोजली असे नाही. लिन्सखोटेनने ज्या बांदा बेटांवरील जायफळाचे वर्णन केले होते, तेथे १६२१ मध्ये यान पीटरसोन कून याने कंपनीचा मक्ता बसवण्यासाठी केलेल्या मोहिमेत बहुतेक मूळ रहिवासी मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. ग्रंथकाराला याची कल्पना असणे शक्य नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परक्यांचे नकाशे मिळवून उभी राहिलेली डच कंपनी स्वतःच्या नकाशांबाबत पोर्तुगीजांइतकीच कडक झाली. तिने ॲमस्टरडॅममध्ये अधिकृत नकाशाकार नेमला, नकाशे हाताने काढून घेतले जात आणि सफरीहून परतलेल्या सुकाणूंना ते परत करावे लागत.

मूल्यमापन

लिन्सखोटेनला कोणत्याही सरकारने गोव्यात पाठवले होते असा पुरावा उपलब्ध नाही. तो घरातून निघाला तेव्हा डच प्रजासत्ताकही नीटसे आकाराला आलेले नव्हते. या बाबतीत त्याची तुलना हाउटमनशी करता येते. हाउटमन १५९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी हेतुपुरस्सर लिस्बनला धाडला होता. त्याच सुमारास धर्मोपदेशक आणि नकाशाकार पेट्रुस प्लांसियुस याने प्रकाशक क्लासच्या साहाय्याने बार्तोलोमेउ लासो या पोर्तुगीज नकाशाकाराचे सागरी नकाशे मिळवले. व्यापारी, प्रकाशक आणि राज्यसत्ता यांची अशी साखळी तयार होती. लिन्सखोटेन परतला तेव्हा त्याच्या पेटीतील कागदांना आपोआप त्या साखळीत जागा मिळाली. माहिती गोळा करताना तो कदाचित केवळ जिज्ञासू असेल. ती प्रसिद्ध करताना तिचा उपयोग काय होणार हे त्याला पक्के ठाऊक होते, कारण त्याच वर्षांत तो स्वतः सरकारी मोहिमांवर गेला होता.

दुसरी बाजू अशी की ज्या ज्ञानावर पोर्तुगीज मालकी सांगत होते ते सर्वस्वी त्यांचे कधीच नव्हते. द गामाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी येथून हिंदुस्थानापर्यंतचा समुद्र ओलांडला तो तेथे मिळालेल्या वाटाड्याच्या आधारे. मोसमी वाऱ्यांचे गणित अरब, गुजराती आणि कोकणी तांडेलांना शतकानुशतके अवगत होते. त्यांच्याकडून शिकलेले वह्यांत उतरले आणि वही राजाच्या कुलपात गेली. तेव्हा चोरी झाली असेल तर ती किती वेळा आणि कोणाकडून झाली, हा प्रश्न उरतो.

उत्तरायुष्य

१५९४ आणि १५९५ मध्ये विलेम बारेंट्स आदींबरोबर लिन्सखोटेन उत्तर ध्रुवाजवळून चीनला जाणारा मार्ग शोधण्याच्या दोन मोहिमांत सामील झाला. हा मार्ग सापडता तर पोर्तुगीजांचा सामनाच करावा लागला नसता. कारा समुद्रापलीकडे बर्फाने वाट अडवली. बारेंट्स ज्या तिसऱ्या मोहिमेत मरण पावला तिच्यात लिन्सखोटेन नव्हता. या सफरींचे वर्णन त्याने १६०१ मध्ये प्रसिद्ध केले. होसे दे अकोस्ता या स्पॅनिश जेझुइटाच्या वेस्ट इंडीजविषयक ग्रंथाचाही त्याने डच अनुवाद केला. १५९५ मध्ये त्याचा विवाह झाला होता. तो एंकहाउझेन नगराचा खजिनदार झाला आणि तेथेच स्थिरावला. त्याच्या पुस्तकावर इतरांनी अमाप संपत्ती कमावली. त्याने मागितलेले निवृत्तिवेतन मात्र स्टेट्स जनरलने नाकारले. १६११ मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्याचे निधन झाले. जुनी प्रवासवर्णने प्रसिद्ध करणाऱ्या एका डच संस्थेला १९०८ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. ‘इतिनेरारिओ’च्या जुन्या इंग्रजी अनुवादाची संपादित आवृत्ती १८८५ मध्ये हॅक्लुट सोसायटीने दोन खंडांत काढली.

कोकणातील पडसाद

त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी डचांनी गोव्याच्या अगदी उशाशी ठाण मांडले. १६३७ मध्ये योहान फान ट्विस्ट याने विजापूरच्या दरबाराशी बोलणी केली आणि वेंगुर्ले येथे कंपनीला वखार घालण्याची परवानगी मिळाली. याच काळात डच आरमार वर्षानुवर्षे मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करीत राहिले. १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोचीन ही ठाणी पोर्तुगीजांच्या हातून गेली. गोवा मात्र त्यांच्याकडेच राहिले. वेंगुर्ल्याच्या वखारीतील अधिकारी आसपासच्या राजकारणाच्या बातम्या बटाव्हियाला नियमाने कळवीत असत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दक्षिण कोकणातील हालचालींविषयीची कितीतरी माहिती या डच पत्रव्यवहारातून मिळते. वखारीचे भग्नावशेष वेंगुर्ल्यात आजही उभे आहेत.